नाव नसलेला आवाज
(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय वाचून काही साथींनी विचारले की, आपल्यापुढे पेन्शन आहे, कंत्राटी भरती आहे, रिकाम्या जागांचा प्रश्न आहे, मग इंग्लंडच्या पंतप्रधानांच्या प्रसिद्धी सचिवाचे चरित्र कशासाठी? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, संपाची नोटीस दिल्यापासून तो मिटेपर्यंत आपली एक लढाई खात्याशी चालते आणि दुसरी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चालते. पहिल्या लढाईतली समोरची माणसे आपल्याला ठाऊक असतात. डीआरएम कोण, पोस्टमास्तर जनरल कोण, वाटाघाटीला कोण बसले, सारे माहीत असते. दुसऱ्या लढाईत समोर कोण आहे हे बहुधा कळतच नाही. "विश्वसनीय सूत्रांकडून समजते", "वरिष्ठ वर्तुळात असे बोलले जाते", एवढेच छापून येते. ते वर्तुळ म्हणजे कोण? एका देशात एका माणसाच्या बाबतीत ते पुरते उघड झालेले आहे. त्याची कागदपत्रे बाहेर आली, त्याने स्वतः पुस्तक लिहिले, इतरांनी त्याच्यावर लिहिले. म्हणून हा माणूस निवडला. त्याचे नाव सर बर्नार्ड इंगहॅम. १९७९ ते १९९० अशी अकरा वर्षे ते मार्गारेट थॅचर यांचे मुख्य प्रसिद्धी सचिव होते. २०२३ च्या फेब्रुवारीत नव्वदाव्या वर्षी ते वारले.

हा मनुष्य आला कोठून, हे आधी पाहू. कारण तिथेच खरी गोम आहे.

इंगहॅम यांचा जन्म १९३२ साली यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथे झाला आणि ते वाढले जवळच्याच हेब्डन ब्रिज नावाच्या गावी. डोंगराच्या खोऱ्यातले, कापड गिरण्यांचे गाव. वडील विणकर, आईनेही मागावर काम केलेले. आपल्याकडच्या गिरणगावात किंवा इचलकरंजीत जसे घर असते तसेच हे घर समजा. वडील मजूर पक्षाचे आणि गावच्या स्थानिक मंडळात निवडून गेलेले. मुलगा सोळाव्या वर्षी शाळा सोडून गावच्या साप्ताहिकात, 'हेब्डन ब्रिज टाइम्स'मध्ये, उमेदवारी करू लागला. लग्न, मयत, फुटबॉलचा सामना, नगरमंडळाची सभा, अशा बातम्या लिहिता लिहिता तयार झाला. पुढे 'यॉर्कशायर पोस्ट', आणि तेथून 'गार्डियन'. 'गार्डियन'मध्ये त्यांचे काम होते कामगार क्षेत्राच्या बातम्या देण्याचे.

हे काम त्या काळी फार मानाचे होते. इंग्लंडच्या प्रत्येक मोठ्या वर्तमानपत्रात कामगारविषयक खास बातमीदार असे. युनियनच्या परिषदा, वेतनवाटाघाटी, संप, टाळेबंदी, हे सारे तो पाही. युनियनच्या सरचिटणिसाशी त्याची बैठक असे. कोणता पुढारी कशाने चिडतो, कोणत्या युनियनमध्ये डावे-उजवे कसे भांडतात, संप पुकारताना कार्यकारिणीत काय होते, हे त्याला आतून माहीत असे. इंगहॅमना ते सगळे माहीत होते. शिवाय ते स्वतः मजूर पक्षाचे कार्यकर्ते. लीड्समधील पक्षाच्या साप्ताहिकात टोपणनावाने सदर लिहीत, आणि त्यात हुजूर पक्षाला सडकून काढीत. १९६५ साली लीड्स नगरपालिकेच्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या तिकिटावर उभेही राहिले आणि पडले.

तेव्हा थॅचरबाईंचा आवाज झालेला हा माणूस कोणा लॉर्डाच्या वाड्यातून आला नव्हता. आपल्या आळीतून आला होता.

१९६७ साली ते सरकारी नोकरीत शिरले. प्रथम किमती व वेतन मंडळाचे प्रसिद्धी सल्लागार झाले. लगेच पुढच्या वर्षी रोजगार खात्यात गेले. मंत्री होत्या बार्बरा कॅसल, मजूर पक्षाच्या डाव्या गटातल्या नामांकित बाई. जानेवारी १९६९ मध्ये कॅसलबाईंनी एक श्वेतपत्रिका काढली. संपापूर्वी २८ दिवस थांबण्याचा हुकूम देता यावा, संपासाठी सभासदांचे मतदान घ्यायला लावता यावे, असे अधिकार मंत्र्याला हवे होते. मजूर पक्षाचे सरकार आणि युनियनच्या हातात दोरखंड बांधायला निघालेले! युनियन खवळल्या, पक्षातले खासदार फुटले, आणि जूनमध्ये सरकारने माघार घेतली. ही श्वेतपत्रिका पत्रकारांच्या गळी उतरवण्याचे काम इंगहॅम यांच्याकडे होते. १९७० साली सरकार बदलले. हुजूर पक्षाचे रॉबर्ट कार मंत्री झाले आणि त्यांनी १९७१ चा औद्योगिक संबंध कायदा आणला. हा कायदा कामगारांना तर बिलकुल नको होता. प्रसिद्धीचे काम? इंगहॅम यांचेच. १९७४ साली ते नव्या ऊर्जा खात्यात गेले, आणि काही काळाने त्याच खात्यावर मंत्री आले टोनी बेन. बेन म्हणजे मजूर पक्षाच्या डाव्यांतले डावे. त्यांचेही प्रसिद्धीप्रमुख इंगहॅमच. दोघांचे फारसे जमले नाही, आणि १९७८ च्या सुमारास इंगहॅम ऊर्जा बचतीच्या विभागात निघून गेले. म्हणजे प्रसिद्धीचे काम सोडून साध्या प्रशासनात. पुढच्याच वर्षी थॅचरबाईंच्या कार्यालयातून बोलावणे आले.

इथे आपल्यातला कोणी म्हणेल, "गद्दार!" मी तो शब्द वापरणार नाही, आणि माझे कारण ऐका. सरकारी नोकर म्हणून त्यांनी जो मंत्री आला त्याचे काम केले. आपण तरी काय करतो? रेल्वेमंत्री कोणत्या पक्षाचा आहे हे पाहून गार्ड गाडीला हिरवा झेंडा दाखवीत नाही. नोकर म्हणून निष्ठा ठेवणे हा गुन्हा नव्हे. ते कामाला वाघ होते, पहाटेपासून खपत, आणि स्वतःच्या मते प्रामाणिक होते, हे त्यांच्या विरोधकांनीही कबूल केलेले आहे. प्रश्न निराळा आहे. गार्डाचा हिरवा झेंडा सर्वांना दिसतो, त्याची सही रोजनाम्यात असते, अपघात झाला तर त्याला चौकशीपुढे उभे करतात. इंगहॅम यांचे काम असे होते की झेंडा कोणी दाखवला ते कोणाला कळायचे नाही.

ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो. लंडनमध्ये 'लॉबी' नावाची एक पद्धत एकोणिसाव्या शतकापासून आहे. पार्लमेंटचे कामकाज पाहणाऱ्या निवडक बातमीदारांची ती मंडळी. पार्लमेंट चालू असताना दिवसातून दोनदा त्यांना पंतप्रधानांचा प्रसिद्धी सचिव भेटे, सकाळी ११ वाजता पंतप्रधानांच्या निवासस्थानी, १० डाउनिंग स्ट्रीटला, आणि दुपारी ४ वाजता पार्लमेंटच्या इमारतीत. तेथे तो सरकारचे म्हणणे सांगे, प्रश्नांना उत्तरे देई. पण नियम असा की, त्याचे नाव छापायचे नाही. अशी बैठक झाली हेही लिहायचे नाही. "पंतप्रधानांच्या निकटच्या सूत्रांनी सांगितले", "सरकारी वर्तुळात असे मत आहे", एवढेच लिहायचे. दुसऱ्या दिवशी दहा वर्तमानपत्रांत दहा ठिकाणी तेच मत आले की वाचकाला वाटे, अरे, सगळ्या लंडनचेच हे मत दिसते! वास्तविक ते एका खोलीतल्या एका माणसाचे वाक्य असे. मोठ्या भुवया, लालसर चेहरा, यॉर्कशायरचा खणखणीत हेल आणि आवडते शब्द 'बंकम अँड बॉल्डरडॅश', म्हणजे आपल्या भाषेत 'निव्वळ थोतांड'. एखाद्या प्रश्नाला हा शेरा मिळाला की बातमीदाराने समजायचे, इथे पुढे जायचे नाही.

या यंत्राची धार पहिल्यांदा कोणाला लागली असेल? तुम्हाला वाटेल, युनियनला. नाही. थॅचरबाईंच्या स्वतःच्या मंत्र्यांना. १९८२ च्या आरंभी फ्रान्सिस पिम या मंत्र्यांनी भाषणात म्हटले की बेकारी लवकर हटणार नाही, दिवस कठीण आहेत. खरेच होते ते. तीस लाख माणसे बेकार होती. लॉबीच्या बैठकीत इंगहॅम यांनी पिमना युद्धकाळातल्या एका विनोदी रेडिओ कार्यक्रमातल्या रडक्या बाईची उपमा दिली. झाले, दुसऱ्या दिवशी देशभर पिमची टर उडाली, आणि टर कोणी उडवली ते कोणाला छापता येईना. फॉकलंडच्या युद्धामुळे पिमना परराष्ट्र खाते मिळाले खरे, पण जून १९८३ ची निवडणूक जिंकताच थॅचरबाईंनी त्यांना काढले. दुसरे जॉन बिफेन. मे १९८६ मध्ये दूरदर्शनवरच्या मुलाखतीत ते म्हणाले की पुढच्या निवडणुकीला एकट्या पंतप्रधानांवर भर न देता थोडा समतोल साधावा. लगेच लॉबीत शेरा आला, हे मंत्रिमंडळाचे 'सेमी-डिटॅच्ड' सभासद आहेत. इंग्लंडात दोन घरे एकाच मधल्या भिंतीला लागून बांधतात, त्याला हा शब्द आहे. म्हणजे अर्धे आत, अर्धे बाहेर. जून १९८७ मध्ये बिफेन पुरते बाहेर गेले. पुढे या बिफेनसाहेबांनी इंगहॅमविषयी एक वाक्य उच्चारले ते इंग्लंडात अजून सांगतात: तो माणूस म्हणजे गटाराची नळी, आतली घाण नव्हे. म्हणजे घाण दुसऱ्या कोणाची तरी. मला हे वाक्य अनेक लेखांपेक्षा नेमके वाटते.

आता आपल्या प्रांतात येऊ. १९८४ चा खाणकामगारांचा संप.

मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या कोळसा मंडळाने सांगितले की वर्षभरात सुमारे २० खाणी बंद करायच्या आहेत आणि सुमारे २० हजार नोकऱ्या जातील. खाणकामगार युनियनचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल म्हणाले, ही थाप आहे, यांना सत्तर खाणी बंद करायच्या आहेत. वर्तमानपत्रांनी स्कारगिलना आततायी, खोटारडे, देशाचे शत्रू ठरवले. जूनमध्ये मंडळाचे अध्यक्ष इयान मॅकग्रेगर यांनी कामगारांच्या घरच्या पत्त्यावर पत्रे पाठवली की उद्योगाची कत्तल करण्याची आमची कोणतीही योजना नाही, पुढारी तुम्हाला फसवीत आहेत. सरकारची अधिकृत भूमिका अशी की हा तंटा मंडळ आणि युनियन यांच्यातला आहे, सरकार मध्ये पडत नाही.

तीस वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये, मंत्रिमंडळाचे कागद खुले झाले. सप्टेंबर १९८३ मधल्या, म्हणजे संपाच्या सहा महिने आधीच्या, डाउनिंग स्ट्रीटवरील बैठकीचे टिपण त्यात निघाले. मॅकग्रेगर यांच्या मनात तीन वर्षांत ७५ खाणी बंद करण्याचे होते. कामगारांची संख्या २ लाख २ हजारांवरून १ लाख ३८ हजारांवर आणायची होती. म्हणजे ६४ हजार नोकऱ्या. खाणींची यादी कोठेही लेखी काढायची नाही, एकेक खाण घेत जायचे, असे ठरले. आणि टिपणावर सूचना होती की याची छायाप्रत काढू नये, हे खाजगी कार्यालयाबाहेर जाऊ नये. स्कारगिल सत्तर म्हणत होते; ते कमीच सांगत होते.

सरकार मध्ये पडत नव्हते, हेही तपासून घ्या. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची एक खास समिती संपभर पुन्हा पुन्हा बसत होती. पोलीस, कोळशाचे साठे, न्यायालये, सगळ्याचा हिशेब तिथे होत होता. त्या काळी सरकारी खात्यांच्या सर्व प्रसिद्धीप्रमुखांची आठवड्याची बैठक इंगहॅम घेत. कोणती बातमी कोणत्या दिवशी सोडायची, कोणती मागे ठेवायची, कोणत्या खात्याने काय बोलायचे, हे तिथे जुळवले जाई. शिवाय रोज सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांचा गोषवारा ते थॅचरबाईंना लिहून देत. बाई स्वतः वर्तमानपत्रे फारशी वाचीत नसत. तेव्हा देशाला बाईंचे म्हणणे कळे ते इंगहॅमकडून, आणि बाईंना देशाचे म्हणणे कळे तेही बरेचसे इंगहॅमकडून. कामगारांची बाजू छापायला एखादे वर्तमानपत्र तयार झालेच तर बाईंच्या टेबलावर ती त्या गोषवाऱ्यात जितकी उतरेल तितकीच पोहोचणार. खाणीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला हे कसे कळावे?

आता रेल्वेच्या साथींनी विशेष लक्ष द्यावे, कारण या संपात रेल्वे कामगारांचा भाग मोठा आहे. कोळसा वाहतो कोण? रेल्वे. एनयूआर आणि एएसएलईएफ या दोन्ही युनियननी खाणकामगारांना पाठिंबा दिला होता. लेस्टरशायर भागात गंमत अशी की तेथील बहुतेक खाणकामगारच कामावर राहिले. सुमारे अडीच हजारांतले जेमतेम तीस जण संपात होते. पण त्या भागातल्या कोलव्हिल गावच्या रेल्वे कामगारांनी कोळशाच्या गाड्या हलवायला नकार दिला. खाणीतून कोळसा निघतोय, वाघिणी भरल्यात, आणि ड्रायव्हर-गार्ड म्हणतात, नाही नेणार. महिनोन्महिने. वरून दडपण आले, शेजारपाजाऱ्यांची बोलणी खाल्ली, तरी ते हटले नाहीत. माझ्या मते त्या संपातले हे सर्वात मोठे काम आहे, आणि त्याला वर्तमानपत्रांत सर्वात कमी जागा मिळाली.

सरकारला भीती हीच होती. खाणी आणि रेल्वे दोन्ही एकदम थांबल्या तर वीजघरे बंद. आणि त्याच वसंतात रेल्वे कामगारांच्या वेतनाच्या वाटाघाटी चालू होत्या, संपाचे वारे होते. बाहेर सरकार काय म्हणत होते? रेल्वेचा पगार हा रेल्वे मंडळाचा प्रश्न, आम्ही ढवळाढवळ करीत नाही. जून १९८४ मध्ये 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने फुटलेले सरकारी कागद छापले. त्यातून दिसले की पंतप्रधानांच्या कार्यालयाला हा तंटा चटकन मिटायला हवा होता, आणि त्यासाठी मंडळाने देऊ केलेली रक्कम वाढवावी असे वरून सुचवले गेले होते. कारण एकच, खाणींच्या संपाच्या वेळी दुसरी आघाडी नको. रेल्वेला पैसे नाहीत, मंडळ स्वतंत्र आहे, सरकारचा संबंध नाही, असे जे सांगितले जात होते, त्या वेळी पैसेही होते, संबंधही होता.

कामगाराच्या हिताची वाढ मिळाली, मग बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले हे की, रेल्वे कामगाराला त्याच्या हातात त्या वेळी किती ताकद आहे हे कळू दिले नाही. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला समोरचा घाबरला आहे हे ठाऊक असते तर तो काय मागता आणि कोणासाठी मागता, याचा विचार करा. खाणकामगार एकटे पडले. ३ मार्च १९८५ रोजी त्यांच्या प्रतिनिधी परिषदेने थोड्या मतांच्या फरकाने कामावर जाण्याचा ठराव केला. करार न होता, बँड वाजवीत, झेंडे घेऊन ते खाणीत परत गेले. ब्रिटनची शेवटची खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली.

आपल्या जुन्या साथींना १९७४ आठवत असेल. ८ मे ते २७ मे. सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांचा प्रश्न होता. जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच, संपाच्या आधी, लखनौला पकडले. त्या वेळी खाजगी वाहिन्या नव्हत्या, आकाशवाणी सरकारच्याच हातात होती. गाड्या किती धावतात आणि कामावर किती आले हे सांगणारा देशभर पोहोचणारा आवाज एकच होता. क्वार्टरमधून बायकामुलांसह बाहेर काढलेल्या माणसाला शेजारच्या डिव्हिजनमध्ये काय चालले आहे हे कळायला त्या रेडिओशिवाय मार्ग नव्हता. आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीत, इंग्लंडमध्ये खाणकामगारांच्या संपाने हुजूर पक्षाचे सरकार निवडणुकीत पडले होते. थॅचरबाई त्या सरकारात मंत्री होत्या, आणि इंगहॅम नव्या ऊर्जा खात्याचे प्रसिद्धीप्रमुख. दोघांनीही तो धडा दहा वर्षे जपून ठेवला होता असे म्हणायला हरकत नाही.

इंगहॅम यांच्यावर स्वतःवर एकदाच मोठे बालंट आले, ते वेस्टलँड प्रकरणात. वेस्टलँड ही हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी. ती अमेरिकनांबरोबर जावी की युरोपियनांबरोबर यावरून संरक्षणमंत्री हेसेल्टाइन आणि थॅचरबाई यांचे जुंपले होते. जानेवारी १९८६ मध्ये सरकारच्या कायदा अधिकाऱ्याने हेसेल्टाइनना लिहिलेल्या गोपनीय पत्रातला सोयीचा भाग वृत्तसंस्थेला फोनवरून वाचून दाखवण्यात आला. वाचणाऱ्या होत्या व्यापार खात्याच्या माहितीप्रमुख कोलेट बो. त्यांच्या मंत्र्यांची, लिऑन ब्रिटन यांची, परवानगी होती, आणि आधी पंतप्रधानांच्या कार्यालयात इंगहॅमशी बोलणे झाले होते. इंगहॅम यांचे पुढे म्हणणे असे की मी स्वतः ते फोडायला नकार दिला, पंतप्रधानांना अशा गोष्टींपासून दूर ठेवायचे होते. हेसेल्टाइन मंत्रिमंडळाच्या बैठकीतून उठून गेले, ब्रिटन यांनी राजीनामा दिला. पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली, पण इंगहॅम आणि बो यांच्यासह संबंधित अधिकाऱ्यांना समितीपुढे साक्षीला येऊ दिले नाही. मंत्र्याची नोकरी गेली. ज्यांच्या तोंडून गोष्ट बाहेर पडली त्यांना कोणी प्रश्न विचारू शकले नाही. आणि १९८९ साली इंगहॅम साऱ्या सरकारी माहिती सेवेचे प्रमुख झाले, ते आधीचे पद सांभाळूनच.

मात्र सगळे पत्रकार गप्प बसले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर १९८६ मध्ये 'इंडिपेंडंट' हे नवे दैनिक निघाले आणि पहिल्या दिवसापासून त्याने या बिननावाच्या बैठकींना जायचे नाकारले. 'गार्डियन'नेही तेच केले, म्हणजे इंगहॅम यांच्या जुन्याच वर्तमानपत्राने. बोलणाऱ्याची ओळख छापू द्या, नाहीतर येत नाही, एवढीच त्यांची मागणी. इंगहॅम असेपर्यंत ती मान्य झाली नाही. १९९७ साली 'पंतप्रधानांचे अधिकृत प्रवक्ते' असे लिहिण्याची मुभा मिळाली. तोवर मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर पंतप्रधान होते आणि त्यांचे प्रसिद्धी सचिव ॲलिस्टर कॅम्पबेल पूर्वी 'डेली मिरर'मध्ये होते, म्हणजे कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्या दैनिकातच. पुढे इराकच्या युद्धात त्यांचे काय झाले तो वेगळा विषय आहे; आज त्यात शिरत नाही. पक्ष बदलला म्हणून खोली बदलत नाही, इतके ध्यानात ठेवा.

नोव्हेंबर १९९० मध्ये थॅचरबाई गेल्या, त्यांच्याबरोबर इंगहॅमही निवृत्त झाले. 'सर' हा किताब मिळाला. आत्मचरित्र लिहिले, वर्तमानपत्रांत सदरे लिहिली, अणुवीज हवी म्हणून प्रचार केला. हे सारे सोडून देऊ. पण एक गोष्ट सोडता येत नाही.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्याला आलेले लिव्हरपूलचे लोक चेंगरले. ९७ माणसे गेली; शेवटचा माणूस जखमांमुळे २०२१ साली गेला. बहुतेक तरुण, कामगारांची मुले. दुसऱ्या दिवशी थॅचरबाई मैदानावर गेल्या, इंगहॅम सोबत होते. तेथे पोलिसांनी सांगितले, दारू प्यालेल्या जमावामुळे झाले. ते त्यांनी मनात घट्ट धरले. १९९६ साली एका माणसाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तेच लिहिले, आणि लिव्हरपूलने आता या प्रकरणी गप्प बसावे असेही लिहिले. २०१२ साली स्वतंत्र मंडळाचा अहवाल आला. पोलिसांनी १६४ जबान्या बदलल्या होत्या, त्यातल्या ११६ मधून पोलिसांना अडचणीचे मजकूर काढले होते. २०१६ साली पंचांनी निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्याने झाले, प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. इंगहॅमना विचारले, आता माफी मागाल का? नाही म्हणाले.

मला वाटते, इंगहॅम खोटे बोलत होते असे त्यांना स्वतःला कधीच वाटले नसेल. त्यांना वरच्या माणसाने सांगितले, त्यांनी खाली सांगितले. बावीस वर्षे हेच काम केल्यावर माणसाला पोलीस अधिकारी म्हणजे माहितीचा झरा आणि सत्तावीस वर्षे पोराच्या फोटोपुढे बसलेली आई म्हणजे कटकट वाटू लागते. विणकराच्या पोराला तसे वाटावे याचे वाईट वाटते, एवढे म्हणून पुढे जातो.

आता आपल्या कामाचे. इंग्लंडात खाणकामगारांना आपण खरे होतो हे कागदावर दिसायला तीस वर्षे लागली. आपल्याकडे कागद आपोआप बाहेर येतील अशी वाट पाहू नका. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. त्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, मंत्रिमंडळाचे कागद, देशाची सुरक्षा आणि संसदेचे विशेषाधिकार एवढे अपवाद सोडले तर, द्यावी लागते. १९७४ ला पन्नास वर्षे उलटून गेली. तुमच्या डिव्हिजनमध्ये त्या वीस दिवसांत रोज किती गाड्या खरोखर धावल्या, किती जण हजर होते, किती जणांना १४(२) खाली चौकशीवाचून काढले, याच्या नोंदी जिथे शिल्लक असतील तिथून त्या मागता येतात. मग त्या दिवसांची वर्तमानपत्रे सार्वजनिक वाचनालयात बसून पाहा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा. अर्जाला कारण द्यावे लागत नाही. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. केंद्र सरकारच्या इतर खात्यांचे अर्ज ठरावीक टपाल कार्यालयांतही घेतले जातात, तेव्हा काउंटरवर बसणाऱ्या आपल्या साथीने असा अर्ज आला तर परत पाठवू नये. उत्तराची मुदत तीस दिवसांची. ज्या शाखांना अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी चहाच्या सुट्टीत माझ्याकडून घ्यावा. आता तुमचे प्रश्न घेतो.